मानेच्या ऑपरेशननंतर दुखणं राहिलं, तर काम कसं चालू ठेवायचं

मी सांगलीत विश्रामबागला राहते. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते: ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत घागऱ्यांचं फिटिंग. माझ्या मानेतल्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या चकत्या नसांवर दाबत होत्या. गळ्याच्या पुढून छेद घेऊन डॉक्टरांनी त्या काढल्या, त्यांच्या जागी केज, म्हणजे छोटे ठोकळे बसवले, वरून प्लेट आणि स्क्रू. हाड वाढून ते मणके एकमेकांना जुळावेत म्हणून हे सगळं. ऑपरेशननंतर उजव्या हातातली कळ गेली, कात्री पुन्हा नीट धरता यायला लागली. मानेच्या मागची आणि दोन फऱ्यांमधली, म्हणजे खांद्यांमागच्या पसरट हाडांमधली, ठणक मात्र राहिली. आजही आहे, आणि मी आजही शिवते.

हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांच्या ऑपरेशनला काही महिने होऊन गेलेत, डॉक्टर म्हणतात एक्स-रे चांगला आहे, घरचे म्हणतात आता काय राहिलं, आणि तरी संध्याकाळ झाली की मान धरून बसावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. काम कधी थांबवायचं हे दुखण्यावर सोडायचं नाही, घड्याळावर सोडायचं. दुखायला लागायच्या आधी उठायचं. खाली जे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीला हातभार लावणारं आहे.

आधी हे तपासा

जुनी, ओळखीची ठणक वेगळी आणि नवीन काहीतरी सुरू होणं वेगळं. हात किंवा पाय नव्याने कमजोर वाटायला लागला. शर्टाची बटणं लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं ऐकेनाशी झाली. चालताना तोल जायला लागला. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला किंवा लघवी अडली. मान पुढे वाकवली की पाठीतून खाली करंट गेल्यासारखं होतं. ताप आहे आणि जखमेजवळ सूज, लाली किंवा पू आहे. रात्री पडून राहिलं तरी न थांबणारं नवीन दुखणं आणि सोबत वजन उतरतंय. यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, किंवा गिळणं अचानक अवघड झालं असेल, तर थेट इमर्जन्सीत.

आणखी एक. मानेत प्लेट असलेल्या माणसाने सलूनमध्ये डोक्याच्या मालिशनंतर मान "कट्कन" मोडून घ्यायची नाही. कुणी कितीही हातगुणाचा असला तरी नाही. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होते, हे ऑपरेशन न झालेल्या लोकांच्या बाबतीतही घडलेलं आहे. खुर्चीत बसायच्या आधीच सांगून ठेवायचं.

दुखणं राहतं तरी का

हे समजून घेतल्यावर माझी अर्धी भीती गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या ऑपरेशनचं मुख्य काम नसेवरचा दाब काढणं. त्यामुळे हातात उतरणारी कळ सहसा चांगली कमी होते. मानेच्या मागच्या स्नायूंचं दुखणं तितक्या खात्रीने जात नाही. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिलेले स्नायू ऑपरेशनने बदलत नाहीत, ते बदलावे लागतात आपल्यालाच. नसेचंही तसंच. दबून इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने भरून येते. मानेपासून बोटापर्यंतचं अंतर टेपने मोजून बघा, म्हणजे बोटाचा बधिरपणा जायला इतका वेळ का लागतो ते कळेल. काहींच्या बोटात थोडा बधिरपणा कायमचा राहतोही.

तिसरं कारण मला पेन क्लिनिकच्या, म्हणजे जुन्या दुखण्यावरच उपचार करणाऱ्या विभागाच्या डॉक्टरांनी समजावलं. दुखणं फार काळ चाललं की दुखण्याची खबर नेणारी यंत्रणाच जास्त हळवी होते. मशीनचं टेन्शन फार घट्ट झालं की मऊ मलमलीवरही टाका चुण्या पाडतो, तेव्हा दोष कापडात नसतो. इथेही तसंच: मान जागेवर आहे, हाड जुळलंय, पण साधा ताणही दुखणं म्हणून पोचतो. ही कल्पना नाही आणि नाटकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र नोंद आहे. आपल्याला कुणी वेड्यात काढलं तर हे लक्षात असू द्या.

मात्र "हळव्या नसा" म्हणून मोकळं व्हायच्या आधी सर्जनना एक प्रश्न सरळ विचारायचा: "हाड जुळलंय का?" हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्षही लागतं. जुळलं नसेल तर तेच दुखण्याचं कारण असू शकतं, आणि त्याचे उपाय वेगळे. मान पुढे-मागे करून काढलेल्या एक्स-रेवरून आणि गरज पडल्यास सीटी स्कॅनवरून ते कळतं. तंबाखू, बिडी-सिगारेट हाड जुळण्याच्या आड येते. आमच्याकडे बायका मिश्री लावतात आणि तंबाखूत धरत नाहीत. निकोटिन मिश्रीतही असतं. डॉक्टरांना ते सांगायचं आणि सोडायचं.

सोबत बी-१२, शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. पूर्ण शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं नवीन नाही, आणि त्यानेही हातापायाला मुंग्या येतात. सगळा दोष मानेवर टाकला तर उपचार सोपा असलेलं कारण तसंच राहून जातं.

एमआरआयच्या कागदाबद्दलही बोलायला हवं. प्लेटच्या वरच्या किंवा खालच्या चकतीपुढे "बल्ज" लिहिलेलं वाचून माणूस गळून जातो. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्यातल्या जवळजवळ ८८ टक्के लोकांना चकतीचा फुगवटा होता. शेजारच्या सांध्यावर पुढे भार येऊ शकतो हे खरं आहे, म्हणून तपासणीला जात राहायचं. पण नुसत्या एका शब्दावरून दुसऱ्या ऑपरेशनची धास्ती घेऊ नका.

कोणतं दुखणं ते आधी ओळखा

एक असतं स्नायूंचं: मानेमागे, खांद्यांवर, फऱ्यांमध्ये, ओढल्यासारखं, जड, दिवस चढेल तसं वाढणारं. याला शेक, हालचाल आणि बैठक सुधारणं लागू पडतं. दुसरं नसेचं: जळजळ, चमक, मुंग्या, हातातून बोटात जाणारं. अंगठा आणि तर्जनी असेल तर सहावी नस, मधलं बोट असेल तर सातवी, असं ढोबळपणे धरतात. याला साध्या दुखण्याच्या गोळ्या फारशा लागू होत नाहीत. तिसरी डोकेदुखी: मानेच्या मुळातून वर चढून कपाळापर्यंत किंवा डोळ्यामागे जाणारी. "मान दुखते" एवढंच सांगितलं तर डॉक्टरही एवढंच औषध देणार. कुठे, कसं, कधी, हे तिन्ही सांगा.

घड्याळ लावून काम

आता मुख्य गोष्ट. बरं वाटलं की ढिगाने काम उपसायचं, मग दोन दिवस आडवं पडायचं, मग साठलेलं काम पुन्हा उपसायचं. सततचं दुखणं असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस या फेऱ्यात असतो. दर फेरीला पडून राहायचे दिवस वाढतात आणि कामाचे कमी होतात. यातून बाहेर यायचं ते असं.

आठवडाभर वही ठेवा. मशीनवर किंवा कॉम्प्युटरवर, भाकरी थापताना, वही तपासताना, ज्याचं जे काम असेल ते, सुरू केल्यावर किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागतं ते लिहा. चांगल्या दिवशीचं लिहा, वाईट दिवशीचंही लिहा. त्याची सरासरी काढा आणि तिच्यातून पाचवा हिस्सा वजा करा. समजा सरासरी पंचवीस मिनिटं आली, तर तुमची बैठक वीस मिनिटांची. मोबाइलला वीस मिनिटांचा गजर. गजर झाला की उठायचं, मग बाहीचा गोल अर्धा राहिलेला असो की कॉलर. हे "उरलेलं एवढं संपवते" सगळ्यात जड जातं. सुई कापडात खाली रोवून ठेवायची, म्हणजे टाका जागेवर राहतो आणि उठता येतं.

उठल्यावर पाच मिनिटं. पाणी प्यायचं, दारापर्यंत चालायचं, खांदे मागे गोल फिरवायचे, लांब बघायचं. मोबाइल हातात घेऊन बसणं ही विश्रांती नाही, मान पुन्हा तिथेच वाकते. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते जितकं पुढे झुकवाल तितका मागच्या स्नायूंना तोलायला जास्त जोर लावावा लागतो, मग पुढ्यात ब्लाउज असो की व्हॉट्सअ‍ॅप.

चांगल्या दिवशीही गजर तेवढाच. हे मनाला पटत नाही, अंगात जोर असतो, गिऱ्हाईक दारात असतं. पण चांगला दिवस टिकतो तो यानेच. आणि वाईट दिवशी शून्य करायचं नाही. वीसची दहा मिनिटं करायची, हातात हलकं काम घ्यायचं, पण मशीनवर बसायचं. दोन आठवडे नीट गेले की दोन-तीन मिनिटं वाढवायची. यापेक्षा घाई नाही.

एकाच जातीचं काम सलग करायचं नाही, हेही यात धरा. कटिंग उभ्याने, शिलाई बसून, इस्त्री पुन्हा उभ्याने. आधी सगळे ब्लाउज कापून मग सगळे शिवायचे ही आमच्या धंद्याची पद्धत वेळ वाचवते खरी, पण मानेला परवडत नाही. मी आता एकेक ब्लाउज कापते, शिवते, इस्त्री करते. दिवसाला दोन कमी होतात, महिन्याला जास्त होतात.

बैठक, मशीन, चष्मा

कटिंग जमिनीवर बसून करणं बंद. टेबल असं हवं की उभं राहून हात ठेवला की कोपर जवळजवळ काटकोनात येईल. माझं टेबल बुटकं होतं, सुताराकडून पायांखाली ठोकळे घालून घेतले. मशीनलाही लाकडी फळी घालून जरा उंच केलंय आणि खुर्चीचं बसकट वर-खाली होणारं घेतलंय. मशीन वर आलं की मान कमी वाकते. पायमशीन असेल तर ठोकळे घालू नका, पायडल हलतं. त्यापेक्षा मोटर बसवून घेतलेली बरी.

उजेड. सुईजवळ छोटा एलईडी दिवा लावा. दिसत नाही म्हणूनच आपण वाकतो.

चष्मा हा फार कमी लोकांच्या लक्षात येणारा मुद्दा आहे. दुहेरी नंबरच्या चष्म्यात जवळचं बघायला काचेचा खालचा भाग वापरावा लागतो. कॉम्प्युटरसमोर त्यासाठी हनुवटी वर जाते, आणि मान मागे मोडून तास न् तास बसणं होतं. मी फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला, तो मशीनवरच असतो. यासारखा स्वस्त आणि गुणकारी बदल दुसरा नाही.

तुरपाई आणि काज-बटण करताना मांडीवर जाड उशी घ्या आणि कापड त्या उशीवर ठेवा. काम डोळ्यांकडे वर येतं आणि कोपरांनाही टेका मिळतो. भाजी निवडताना, पोथी वाचताना, मुलाचा अभ्यास घेताना हीच उशी चालते. घागरा किंवा नऊवारीसारखं जड कापड टेबलाखाली लोंबू द्यायचं नाही. डावीकडे एक स्टूल ठेवून त्यावर त्याचा भार टाकायचा, नाहीतर ते सगळं वजन खांदा ओढत असतो. सुई ओवायला मिळणारी पत्र्याची ओवणी वापरा, त्यात कमीपणा नाही.

झोप आणि उशी

कुशीवर झोपणाऱ्याची उशी किती जाड असावी? माप घ्या. मान जिथे खांद्याला मिळते तिथून खांद्याच्या टोकापर्यंत टेप लावा. डोकं ठेवल्यावर दबून साधारण तेवढी जाडी उरली पाहिजे, म्हणजे नाक छातीच्या मध्याच्या रेषेत राहतं. उताणं झोपणाऱ्याला याहून पातळ लागते. मी पिंजलेल्या कापसाची उशी स्वतः शिवली आणि एका कडेला चेन ठेवली, कापूस काढता-घालता येतो. बाजारची महाग सर्व्हायकल पिलो घ्यायच्या आधी हा प्रयोग करून बघा: साधा टॉवेल गुंडाळून उशीच्या खोळीत खालच्या कडेला घाला, मानेच्या खळग्यात टेका मिळतो. पालथं झोपणं सोडायला हवं, त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते.

दुपारी लांब झोप घेतली की रात्रीची मोडते, आणि रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं नक्की जास्त. म्हणून दुपारी फक्त पाठ टेकायची.

कापडाचे तुकडे

जखमेच्या वणाजवळ किंवा हातावर नुसता पदर लागला तरी झोंबत असेल, तर हा उपाय आम्हा शिवणाऱ्यांच्या घरात फुकट आहे. मला तो फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवला. मऊ ते खरखरीत अशा क्रमाने तुकडे घ्या: सॅटिन, मलमल, साधं कॉटन, खादी, टॉवेल. वण पूर्ण भरलेला असला पाहिजे. सॅटिनने हलक्या हाताने एक-दोन मिनिटं चोळायचं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याचं काही वाटेनासं झालं की मलमल, मग पुढचं. त्वचेला पुन्हा साधा स्पर्श साधा म्हणून ओळखायला शिकवायचं, इतकंच यात आहे.

लागलं की आपण ती जागा आपोआप चोळतो, त्याला शास्त्र आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की स्पर्शाच्या जाड तंतूंचा संदेश मज्जारज्जूत पोचला की दुखण्याच्या संदेशाचं फाटक अर्धं लागतं. फिजिओथेरपीतलं टेन्स नावाचं, त्वचेवर पट्ट्या चिकटवून हलका विजेचा प्रवाह देणारं यंत्रही याच विचारातून आलंय. काहींना त्याने थोड्या वेळापुरता आराम पडतो. पेसमेकर असेल तर लावायचं नाही, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कुणीच लावायचं नाही.

शेक द्यायचा तो टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने, पंधरा-वीस मिनिटं. ऑपरेशननंतर जी जागा बधिर आहे तिथे चटका कळत नाही आणि फोड येतो. म्हणून पिशवी आधी चांगल्या हाताने तपासायची.

व्यायाम

सर्जनने परवानगी दिल्यावरच, आणि पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर. मला रोज लागू पडतात ते हे: उताणं पडून हनुवटी हलकेच आत घेणं, जणू मान मागून लांब होतेय, पाच सेकंद धरून सोडणं, बसून दोन्ही फरे मागे जवळ आणणं, कपाळावर तळहात ठेवून डोकं न हलवता अगदी हलका दाब देणं, मग तसंच बाजूंनी आणि मागून. जोर लावायचा नसतो. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच असेल तर वेळा निम्म्या करा.

चालणं सगळ्यांत चांगलं. मी सकाळी आमराईत जाते, हात मोकळे सोडून, पर्स न घेता. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन या मानेवर भार टाकणाऱ्या आसनांना आता रजा. योगवर्गात पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. पट्टा, म्हणजे कॉलर, डॉक्टरांनी सांगितला तितकेच दिवस. आधार वाटतो म्हणून महिनोन् महिने लावला तर स्नायू आणखी लुळे पडतात.

जुळवलेले मणके हलणार नाहीत, मग मान वळेल का, ही भीती मला होती. मान बाजूला वळवण्याचं जवळजवळ अर्धं काम अगदी वरचे पहिले दोन मणके करतात. त्यामुळे खालचे दोन सांधे जुळवूनही रोजच्यापुरतं वळता येतं. मागे बघायचं असेल तर कमरेतून वळायची सवय लावा.

औषधं

मी डॉक्टर नाही, म्हणून कोणती घ्या हे सांगणार नाही. काय विचारायचं ते सांगते.

नसेच्या दुखण्याला प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन देतात. झोप येते, गरगरतं, पायाला सूज येऊ शकते. पहिल्या दिवसांत कात्री, गरम इस्त्री आणि स्कूटर यांच्यापासून जपा. मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधं मुळात उदासपणासाठी आली. ती नसेच्या दुखण्यावरही चालतात. केमिस्टने किंवा जावेने "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हटलं म्हणून फेकून देऊ नका. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. डॉक्टरांनी दिलंच, तर वरच्यापैकी कुठली गोळी चालू आहे ते त्यांना आधी सांगा, सोबत घेतल्यास धोका असतो.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोजच्या रोज घ्यायच्या नसतात. पित्त, अल्सर, बीपी, किडनी यांचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. बऱ्याच जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वर तापाची गोळी घेतली की ते दुप्पट होतं. सुदृढ मोठ्या माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर जायचं नाही. लिव्हरचा त्रास किंवा वजन कमी असेल तर मर्यादा आणखी खाली.

नाव नसलेल्या पुड्या आणि "खात्रीशीर" जडीबुटी नकोच. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेली सापडली आहेत. चार दिवस जादू वाटते, आणि तेच स्टिरॉइड हाडं ठिसूळ करतं. आपल्याला तर हाडच पक्कं व्हायला हवंय.

घर आणि प्रवास

कपडे वाळत घालायची दोरी छातीच्या उंचीवर आणा. वर बघत हात उंच करणं मानेला सगळ्यात जास्त लागतं. माळ्यावरचं काढणं, पंखे पुसणं, कपडे पिळणं, भरलेली कळशी उचलणं ही कामं दुसऱ्याची. विळीऐवजी ओट्यावर उभ्याने सुरी आणि पाट. कणीक बसून मळत असाल तर उभ्याने मळा, वजन पूर्ण हातातून येतं.

एसटीत मागच्या चाकावरची आणि त्यामागची सीट टाळा, हादरे तिथेच जास्त. मधल्या सीटवर बसा, मानेमागे गुंडाळलेली शाल. सांगली-मिरज रस्त्यावर रिक्षात बसले की मी रिक्षावाल्या दादांना आधीच सांगते, "मानेचं ऑपरेशन झालंय, स्पीडब्रेकरला जरा हळू." कुणीही नाही म्हटलेलं नाही. स्कूटर चालवत असाल तर दोन्ही आरसे हवेतच.

दुखणं उसळलं तर

उसळणारच. म्हणून बऱ्या दिवशी कागदावर लिहून कपाटाला चिकटवून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. माझ्या कागदावर आहे: वरची धोक्याची लक्षणं आहेत का बघ. नसतील तर दोन दिवस काम निम्मं. डॉक्टरांनी उसळीसाठी लिहून दिलेली गोळी ठरल्या वेळी, असह्य होईपर्यंत थांबून नाही. सकाळ-संध्याकाळ शेक. चालणं कमी पण बंद नाही. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. कुणाचा ब्लाउज पुढे ढकलायचा त्यांना आजच फोन. आठवड्यात निवळलं नाही तर डॉक्टर.

"स्क्रू सुटला असेल का" हा विचार त्या वेळी येतोच. शेवटचा एक्स-रे आणि त्यावर डॉक्टर काय म्हणाले ते त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवलंय. ते वाचलं की विचार थांबत नाही, पण सौम्य होतो.

घरच्यांना आणि गिऱ्हाइकांना काय सांगायचं

दुखणं दिसत नाही, म्हणून घरचे विसरतात. त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो. "माझी मान दुखतेय" म्हटलं तर ते हळहळतात, आणि काम आपल्याकडेच राहतं. नेमकं काम सांगा. "अहो, कुकर उतरवा." "बाळा, दोरीवरचे कपडे काढ." आमच्या ह्यांनी तेव्हापासून गव्हाचे डबे, सिलिंडर आणि माळा असं तिन्ही आपल्याकडे घेतलं.

मन खचत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तोही उपचारातलाच भाग समजा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. पेन क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर जा. तुमचं दुखणं खोटं वाटतं म्हणून ते पाठवत नाहीत. भीतीने आखडलेली मान जास्त दुखते, हे त्यांना माहीत असतं.

डॉक्टरांकडे जाताना एक पान: दुखण्याची जागा, प्रकार, शून्य ते दहात किती, कशाने वाढतं, कशाने उतरतं, झोप किती तास, चालू गोळ्यांची नावं आणि मात्रा. आणि शेवटी, काय करता यायला हवंय ते. "दुखणं जाऊ दे" असं लिहू नका. "सलग अर्धा तास मशीनवर बसता यावं" असं लिहा. त्यावर डॉक्टरांना काहीतरी करता येतं.

गिऱ्हाइकांसाठी माझा नियम असा. हातातल्या कामाला जितके दिवस लागतील असं वाटतं, त्याच्या दीडपट पुढची तारीख देते. गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत आधीच ठरवलेल्या आकड्याला ऑर्डर बंद, आणि तसा कागद दारावर लावते. तातडीचं असेल तर ओळखीच्या दुसऱ्या ताईंचा पत्ता देते. काही जणी तिकडेच राहिल्या. बाकीच्या वेळेत मिळतं म्हणून माझ्याकडे येतात, आणि ब्लाउज न्यायला आल्या की गजर झाल्यावर स्वतःच म्हणतात, "वहिनी, उठा आधी, मी थांबते."